चंडघोषाची जीभ

पूर्वी शोणवती नगरीत वीर्यसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला. पुढे तो त्यांचा मुखिया झाला. ही माणसे परमुलखातून आलेली, कापड रंगवून पोट भरणारी.

नगरीत एक जुना नियम होता. चौकातला नगारा कुणीही वाजवावा, आणि तो वाजला की सगळ्यांनी हातातले काम टाकून ऐकायला यावे. चंडघोष नावाच्या वाचाळाचे त्यामुळे चांगलेच फावले. "नदी लाल का वाहते? हे परके तिच्यात विष कालवतात!" असे रोज सांगून त्याने लोकांचे कान भरले. शेवटी एका दुपारी जमाव धावून गेला आणि रंगाऱ्यांची वस्ती जळाली. बोधिसत्त्वाची म्हातारी आई त्या आगीतून वाचली नाही.

राजाने चंडघोषाला बांधून आणवले आणि बोधिसत्त्वाला म्हणाला, "याची जीभ छाटतो. तू फक्त हो म्हण."

हो म्हणावेसे त्यालाही वाटले. का वाटू नये? भाजलेले हात अजून ठणकत होते. तरी तो म्हणाला, "महाराज, जीभ त्याची आहे, ती राहू द्या. छाटलीत तर लोक म्हणतील, खरे बोलला म्हणून छाटली. नगारा मात्र नगरीचा आहे, तो त्याला देऊ नका. आणि ज्याला ऐकायचे नाही त्याला ऐकायला लावू नका."

राजा चिडला. "आणि पुन्हा तेच बरळला तर?"

"उत्तर द्यायला मी आहे. कुणी मशाल उचलली, तर तुमचे शिपाई आहेत."

नियम बदलला. चंडघोष पिंपळाखाली उभा राहून घसा फोडू लागला, पण कामधंदा सोडून येणारे थोडेच. बोधिसत्त्व मात्र रोज जायचा, सगळे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हा मंजिष्ठेचा रंग आहे, विष नाही. या, बघून जा."

"अहो, कशाला त्या मेल्याचं तोंड बघायला जाता?" बायको म्हणायची. तरी तो जायचा. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याने हे करावे, याला काय म्हणावे! आपल्याच्याने झाले नसते.

एका उन्हाळ्यात ऐकायला बोधिसत्त्वाखेरीज कुणीच उरले नाही. ओरडून ओरडून चंडघोषाचा घसा सुकला. बोधिसत्त्वाने नदीचे पाणी आणले, आधी आपण घोटभर प्याला आणि तांब्या पुढे केला. चंडघोष बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग प्याला, आणि त्याला रडू कोसळले.

"तुझी आई..." एवढेच त्याला बोलता आले.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो वीर्यसेन राजा म्हणजे आजचा आनंद. चंडघोष म्हणजे आपल्या संघातला मितभाषी कपिंजल. रंगाऱ्यांचा मुखिया मीच होतो. त्या जन्मी मी जी सहनशीलता जपली, तीच क्षांती."