अर्ध्या दाढीची साक्ष

"नगारखान्यातल्या त्या सनईवाल्याला उद्यापासून काढून टाका!" केतकीगडचे राजे हैबतराव गरजले, आणि दरबार नेहमीप्रमाणे म्हणाला, "वाहवा!"

सनईवाल्याचा गुन्हा काय, तर त्याला नाव नव्हतं. म्हणजे आईबापांनी ठेवलं होतं, मसाजी घडशी असं. पण ते दरबारापर्यंत पोचलं नव्हतं. आदल्या दिवशी शेजारचे राजे पाहुणे आले. दरवाजातून आत शिरताना थबकले आणि म्हणाले, "वर कोण वाजवतंय हो?" हैबतरावांनी दिवाणाकडे पाहिलं, दिवाणानं शिपायाकडे, शिपायानं घोड्याकडे! वर्षानुवर्षं माणूस रोज वाजवतोय, आणि एकालाही नाव सांगता येईना. आता ते विचारून घ्यावं, तर राजाला कमीपणा. माणूसच काढला की प्रश्न मिटला!

"आणि महाराज, पाहुण्यांनी विचारलं ते बेसूर वाजलं म्हणूनच!" दरबारगायक चिंतोबुवांनी फोडणी दिली. बुवा म्हणजे संगीतमार्तंड, स्वरकेसरी, तानभास्कर. ते दारातच असत, तेव्हा त्यांच्या पदव्या गादीपाशी पोचलेल्या असत. पेठेत अशी दुकानं असतात. पाटी रंगवण्यातच भांडवल संपतं, आणि माल मागितला की मालक म्हणतो, उद्या या.

राजांचा न्हावी गोंदाजी वस्तरा-कात्रीची धोपटी सावरून कोपऱ्यात उभा होता. रोज सकाळी सज्जात बसवून राजांची दाढी करायची, हे त्याचं काम. सज्जा नेमका नगारखान्यासमोर. मसाजीची सनई त्याच्या कानात मुरली होती. राजांच्या हनुवटीवर तुरटी फिरवायचीही त्याला सवय झाली होती, कारण वस्तरा हटकून लागायचा. "हात थरथरतो लेका तुझा!" म्हणून राजे खेकसायचे, आणि गोंदाजी गप्प बसायचा. पण आज मसाजीच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर त्याला गप्प बसवेना.

"महाराज, अभय असेल तर बोलतो. त्या सनईपुढं बुवांचं गाणं फिकं आहे!"

दरबारानं 'वाहवा' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"अरे न्हाव्या," बुवा कडाडले, "लोकांचे कान कोरतोस म्हणून तुला गाणं कळायला लागलं होय?"

"गाण्यातलं कळत नाही बुवा. पण ऐकणाऱ्याचं डोकं माझ्या हातात असतं!"

राजांच्या मिशीला पीळ पडला. "असं? मग साक्षीदार आण! दर्दी हवा. मसाजीचा सोयरा नको, बुवांचा वैरी नको. लाच खाणारा नको. आणि कुणाच्या बापाला भिणारा नको! उद्या दुपारच्या तोफेआधी त्यानं भर दरबारात कौल द्यायचा. नाही आणलास, तर मसाजी हद्दीबाहेर, आणि तुझं अर्धं डोकं भादरून गाढवावरून धिंड!"

दरबारी खुसुखुसू हसले. कुणालाच न भिणारा माणूस? या दरबारात? इथं राजा शिंकला की आधी दिवाण स्वतःचं नाक पुसायचा!

संध्याकाळी मसाजी काकुळतीनं म्हणाला, "गोंदा, माझ्यापायी कशाला रे नसती उठाठेव?"

"मसादा, तू सनईची पत्ती तेवढी भिजवून ठेव. साक्षीदाराशी माझी रोजची गाठ आहे."

दुसऱ्या दिवशी गोंदाजी सज्जात फिरकलाच नाही. थेट दरबारात आला, धोपटी घेऊन.

"कुठंय साक्षीदार?" राजे खुंट खाजवत म्हणाले.

"हजर आहे सरकार. तो ऐकतोय. आधी बुवांनी गावं, मग मसाजीनं वर नगारखान्यात वाजवावं. तोवर मी आपली राहिलेली दाढी इथंच उरकतो."

बुवांनी 'आ' लावला. तो मिटायचं नाव घेईना. राजे दगडी मूर्तीसारखे स्थिर. लोण्यातून सुरी फिरावी तसा उजव्या गालावरून वस्तरा फिरला! मध्येच राजांच्या नाकातून एक घोरण्याची तान सुटली. ती बुवांचीच समजून दरबार म्हणाला, "वाहवा!"

मग नगारखान्यातून सनई उठली. गोंदाजीनं डाव्या गालाला वस्तरा टेकवला, तर हनुवटी वर गेली. त्यानं हात मागं घेतला. पुन्हा टेकवला, तर मान डावीकडे झुकली! गाल भिजवावा, तो सुकावा. पुन्हा भिजवावा, पुन्हा सुकावा.

"सरकार, हलू नका!"

"मी कुठं हलतोय?" असं म्हणून राजे खांद्यासकट डोलले.

धडाम्! तोफ झाली. सनई थांबली. राजे भानावर आले. "वेळ संपली! साक्षीदार कुठंय? गाढव आणा रे!"

गोंदाजीनं त्यांच्यापुढं आरसा धरला. "हा काय साक्षीदार! कुणाचा मिंधा नाही आणि कुणाच्या बापाला भीत नाही, असा केतकीगडात एकच आहे. उजव्या गालावर बुवांचा निकाल, डाव्यावर मसाजीचा! बुवा गाताना मान केसभर हलली नाही, म्हणून दाढी झाली. मसाजी वाजवताना ती थांबली असती, तर हीही बाजू झाली असती. हात माझा थरथरत नाही सरकार, मान आपली डोलते!"

राजांनी आरशात पाहिलं. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर रान. मिशी हलली, ओठ हलले, आणि राजे असे खदखदा हसले की छतातली कबुतरं उडाली.

"महाराज, हा काय दाढीवरून न्याय?" बुवा कळवळले.

"बुवा, पदव्यांवरून होत होता तेव्हा नाही कुरकुरलात!" गोंदाजी म्हणाला.

राजांनी मसाजीला खाली बोलावलं. "नाव काय रे तुझं?"

"मसाजी घडशी, सरकार."

"मोठ्यानं सांग! पुढच्या पाहुण्याला मला सांगायचंय."

नदीकाठचा मळा मसाजीला मिळाला. राजांच्या मनगटातलं सोन्याचं कडं गोंदाजीच्या हातात गेलं.

"आणि चिंतोबुवा?" दिवाणानं भीतभीत विचारलं. "त्यांना काढायचं?"

"छे छे! त्यांचा उपयोग आत्ता कळला!" राजांना पुन्हा हसू फुटलं. "उद्यापासून रोज दाढीच्या वेळी बुवाच गातील. तुरटीचा खर्च वाचेल!"

"उद्या कशाला, सरकार?" गोंदाजीनं वस्तरा पुन्हा पाजळला. "डावा गाल बाकी आहे. बुवा, लावा 'आ'!"