प्रिंटरकाकांची घाई

यंत्रं एकमेकांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. एका टेबलावर कोरा संगणक आला. त्याच्यात अजून ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली नव्हती. तरी नव्या प्रिंटरने घाईघाईने वायर जोडून घेतली. संगणकाने सांगितलेलं पहिलं पान छापता आलं नाही, तर प्रिंटरला दुकानात परत पाठवणार होते.

“ओळखलंस का मला?” त्याने विचारलं. संगणकाचा पडदा काळाच.

“काका, त्याला अजून स्वतःचीच ओळख नाही. थांबा जरा,” माऊस म्हणाला.

“तू तुझी शेपटी सांभाळ!” म्हणत प्रिंटरने आपलं नाव छापून संगणकापुढे धरलं. मग मोठ्या अक्षरांत छापलं. मग आणखी मोठ्या.

अखेर सिस्टीम बसली. संगणक जागा झाला.

“या प्रिंटरकाका, ओळखलं! काढा पहिलं पान.”

“बाळा,” प्रिंटर पुटपुटला, “कागद संपले रे.”