भुरळ की ओढ?

बघायला आलेल्या माणसांना मुलीने उलट प्रश्न विचारायचा नाही, हा काकांच्या घरातला नियम. का नाही, हेही विचारायचं नाही. शाल्मलीने तो निमूट पाळला. पोहे देताना तिने एवढंच सांगितलं, "पुढच्या महिन्यात मी रत्नागिरीला मत्स्य प्रयोगशाळेत रुजू होते आहे. लग्नानंतरही ती नोकरी सोडणार नाही." निनाद तिच्याकडे टक लावून बघत होता. त्याचे वडील अण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, मान डोलावत पोहे खात होते.

बशी रिकामी होताच त्यांनी निकाल दिला. "आमच्या निनादला तुमच्या पुतणीची ओढ लागली हो! काढा तारीख. आल्या दिवसापासून घर सांभाळेल पोरगी."

"ओढ नाही, भुरळ," शाल्मली म्हणाली.

"एकच गं ते!"

"मग मी आत जाते. मी काय बोलले, ते चिरंजीवांना विचारा. तुम्हीच विचारा, मला मनाई आहे."

ती पडद्याआड गेली. अण्णासाहेब मिशीत हसले. "हं, निनाद, सांग."

"साडी मोरपंखी होती," निनाद म्हणाला. "आणि आवाज फार गोड आहे."

"अरे, पण बोलली काय?"

निनादने वडिलांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी काकांकडे पाहिलं. काका रिकाम्या बशीत बघू लागले.

पडद्याआडून शाल्मली म्हणाली, "भुरळ पडली की माणूस नुसता बघत राहतो. ओढ असती, तर ऐकलंही असतं. माझा नकार आहे. का, ते खुशाल विचारा. तुम्हाला कुठे मनाई आहे?"

का, ते न विचारताच अण्णासाहेब चपला शोधू लागले.