होडीवरचा आरोप

एका राज्यात इतकी रुंद नदी होती, की पैलतीरावरचा माणूस मुंगीएवढा दिसे. त्या नदीवर राही नावाची नावाडीण होडी चालवी. नवरा गेल्यावर वल्हे तिने हाती घेतले आणि दोन लेकी त्याच वल्ह्यावर वाढवल्या.

एके दुपारी घोंगडी पांघरलेला एक वाटसरू तिच्या होडीतून पार उतरला. राही परत काठाला लागते न लागते, तोच राजाचे शिपाई पाण्यात शिरले आणि त्यांनी होडीला साखळदंड घातले.

"माझा अपराध काय?" राहीने विचारले.

"तुझा काहीच नाही," शिपायांचा नाईक म्हणाला. "अपराध होडीचा. राणीचा हार चोरणाऱ्याला तिने पार नेले. आरोप तिच्यावर आहे, तुझ्यावर नव्हे."

असा त्या राज्याचा कायदा होता. खजिनदार करालदत्त मोठा मांत्रिक, त्यानेच तो रचला होता. चोराचा स्पर्श झाला ती वस्तू अपराधी. मालक निर्दोष असला तरी वस्तू राजाच्या कोठारात जाई. तिथे गाड्या होत्या, बैल होते, दळायची जाती होती. एका म्हातारीच्या घराचे दारही होते, कारण चोर त्याच्याआड लपला होता. करालदत्ताच्या मंत्राने त्या साऱ्यांची वाचा गेली होती.

आणि राजा रत्नध्वजाचे पाय दगडाचे झाले होते. "महाराज, कोठार भरले की पाय बरे होतील," असे करालदत्त सांगे. कोठार भरत होते आणि दगड वर चढत होता. आता तो कमरेपर्यंत आला होता.

राही दरबारात उभी राहिली. "मी चोराला ओळखत नव्हते. माझी होडी मला द्या."

"वस्तू निर्दोष आहे हे मालकाने सिद्ध करायचे असते," करालदत्त म्हणाला. "तीन साक्षी आण. होडी ज्याच्या लाकडाची, त्या झाडाची. ती जिच्यावर चालली, त्या नदीची. आणि तिने ज्याला नेले, त्या चोराची."

दरबार हसला. राही बाहेर पडली आणि कोठाराच्या भिंतीला टेकून बसली. तेव्हा वरच्या झरोक्यातून आवाज आला, "बाई, रडायचे मागून. आधी हा गज वाकव."

झरोक्यात एक साळुंकी होती. एका दरोडेखोराच्या खांद्यावर क्षणभर बसली, एवढ्यावरून तिला कोठारात टाकले होते.

"तुझी वाचा कशी गेली नाही?"

"मंत्र पडला तेव्हा मी कावळ्याच्या आवाजात बोलत होते. कावळ्याला लागला असेल." साळुंकीने मान तिरकी केली. "ऐक. निर्दोषाची वस्तू कोठारात आली की राजाचा दगड वाढतो. तो काळजाला भिडला की सिंहासन करालदत्ताचे."

राहीने वल्हे मारून घट्टे पडलेल्या हातांनी गज वाकवला. साळुंकी तिच्यासोबत निघाली.

रानात सागाचा जुना बुंधा होता. त्याला नाग विळखा घालून बसले होते. राही त्यांच्यामधून चालत गेली आणि तिने बुंध्यावर तळवा ठेवला. हा हात रोज आपल्याच लाकडावर फिरतो, हे बुंध्याने ओळखले. नाग बाजूला झाले. बुंध्याला एक पान फुटले आणि ते पान बोलू लागले.

नदी उगमाच्या गुहेत निजली होती. "साक्ष देईन," ती म्हणाली, "पण तुझे प्रतिबिंब मला हवे." राहीने ते दिले. नदीने एका शिंपल्यात आपले थोडे पाणी दिले. त्या पाण्याजवळ बोललेला शब्द विरत नसे.

मग ती चोराला शोधत तुरुंगात गेली, तर तुरुंग रिकामा. शोधता शोधता चोर सापडला एका नव्या माडीत, गादीवर लोडाला टेकून. होडी साखळदंडात आणि चोर मोकळा! राहीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने शिंपला खिडकीत ठेवला. साळुंकी करालदत्ताच्या आवाजात गरजली, "हार कुठे आहे?"

चोर दचकून उठला. "अर्धा तुम्हालाच दिला ना, खजिनदार! होडीवाली तर बिचारी मला ओळखतही नव्हती!"

शिंपल्यातले पाणी थरथरले आणि शब्द त्यात राहिले.

तिच्या हातातले पान आणि शिंपला पाहून करालदत्ताने तिला दरबाराच्या दाराशीच गाठले. "होडी घाटावर सोडून ठेवली आहे. घे आणि गुपचूप जा. बाकीच्यांशी तुला काय?"

राहीने पाहिले. खरेच, होडी पाण्यावर डुलत होती. लेकी घरी उपाशी होत्या. तिचे पाऊल घाटाकडे वळले आणि थांबले.

"माझी होडी निर्दोष होती, तर ती जाती आणि ते बैल अपराधी कसे?" एवढे बोलून ती आत गेली.

दगड राजाच्या छातीपर्यंत चढला होता. पान म्हणाले, "ही होडी सगळ्यांना सारखीच नेते." पाणी म्हणाले, "हिने कुणाची चोरी पोटात घातली नाही." मग चोराचे शब्द त्याच्याच आवाजात दरबारभर घुमले.

"महाराज," राही म्हणाली, "मी तीन साक्षी आणल्या. माझी वस्तू नेताना यांनी एक तरी आणली होती का?"

राजाला श्वास पुरत नव्हता. तरी तो बोलला, "आजपासून जो नेईल त्याने सिद्ध करावे. ज्याचे आहे त्याने नव्हे."

कडाड्! दगड तडकला आणि राजा सिंहासनावरून स्वतःच्या पायांनी उतरला. मंत्र उलटून करालदत्ताची वाचा बसली. राजाने त्याला आणि चोराला तुरुंगात धाडले. कोठाराची दारे उघडली. गाड्या बैलांना हाका मारत निघाल्या, जाती गडगडत निघाली, म्हातारीचे दार चालत जाऊन आपल्या चौकटीत उभे राहिले. लोक रस्त्यावर येऊन आपापल्या वस्तूंना नावाने ओळखत होते, हसत होते, रडत होते.

दुसऱ्या दिवशी राजाला पैलतीरी जायचे होते. तो घाटावर आला. शिपाई पुढे सरसावले, तसे त्याने त्यांना हाताने मागे सारले आणि काठावरच थांबून विचारले, "राहीबाई, होडीत येऊ का?"

राहीने वल्हे रोवून होडी धरली. "या महाराज. पण मधोमध बसा, नाहीतर कलंडेल."