शिलेवरचा खटला

द्वापरयुग सरत आले होते, त्या काळी पश्चिम समुद्राच्या पैलतीरी, यवनांच्या देशात, आर्गेलिया नावाचे समृद्ध बंदर होते. शेकडो नौका तेथे नांगर टाकीत आणि संगमरवरी प्रासादांची शिखरे दूरच्या खलाशांना शुभ्र मेघांसारखी दिसत. सागरदेवाचे मंदिर उत्सवापूर्वी पुरे व्हावे म्हणून तेथील राजा लिकास्तोस याने, पाथरवटांनी वारंवार विनवूनही, झिजलेल्या दोरांनीच एक प्रचंड शिला टेकडीवर चढविण्याची आज्ञा दिली. दोर तुटले. डोरिओन नावाचा पाथरवट तिच्याखाली चिरडला गेला.

त्याची पत्नी मेलाइना न्याय मागायला राजसभेत आली. ज्या वस्तूने माणूस मरे, ती निर्जीव असली तरी तिच्यावर खटला चालवावा, असा त्या नगरीचा विचित्र दंडक होता. राजाने त्याचाच आधार घेतला. शिलेला साखळदंडांनी जखडून सभेत आणले, आरोप वाचून दाखविले, उत्तरासाठी तीनदा पुकारले आणि ती गप्प राहिली म्हणून तिला खुनी ठरवून समुद्रात बुडविले. सभासद हसू दाबीत होते. मेलाइना हसणाऱ्या एकेका तोंडाकडे पाहत उभी होती.

शिला लाटांत पडताच सागरतीरी तप करणारे वृद्ध मुनी थेओनास आसनावरून उठले आणि क्रुद्ध होऊन सभेत आले. आज्ञा आपली होती आणि ती चुकली, एवढे राजाने या स्त्रीसमोर बोलावे, असे त्यांनी बजावले. न्याय तर झालाच आहे, राजा म्हणाला.

तेव्हा मेलाइना बोलली, "महाराज, दगडाला आपण तीनदा विचारलेत. मला एकदाही विचारले नाहीत."

राजाने मान फिरविली. मुनींचे नेत्र अंगारासारखे झाले.

"लिकास्तोसा, ज्या समुद्राच्या उदरात तू आपले पाप ढकललेस, तो यापुढे तुझ्या नगरीचे तोंड पाहणार नाही. या क्षणी तो तिला सोडून जाईल."

शापवाणी उच्चारताच पाणी मागे सरले. नौका चिखलात कलंडल्या, मासे तडफडू लागले. राजा गुडघाभर गाळ तुडवीत लाटांमागे धावला आणि आज्ञा माझी होती, चूक माझी होती, असे आक्रोशू लागला. पण तो हे बोलला पाण्याला. मेलाइनाकडे त्याने तेव्हाही पाहिले नाही.

समुद्र परतला नाही. तो आजही तेथून दोन कोसांवर आहे, आणि धक्क्यावर नौकांचे दोर बांधण्याच्या कड्यांना मेंढपाळ आपल्या शेळ्या बांधतात.