उडीला झालेला उशीर

एकदा एक तरुण शिष्या आपले दोन्ही हात ओढणीत गुंडाळून वृद्ध गुरुजींच्या दारात उभी राहिली. थंडी नव्हती. आपली बोटं कुणाच्या नजरेस पडू नयेत, एवढीच तिची इच्छा होती.

लहानपणी ती या गुरुजींकडे तबला शिकली होती. पुढे तबला सुटला आणि तीच बोटं मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळात तरबेज झाली. आता तबल्याच्या गुरूंना त्या खेळातलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. तिच्या आईचंही तेच मत होतं. पण हातांविषयी विचारायला तिला दुसरं कुणी आठवलं नाही.

"गुरुजी, माझे हात गेले," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

तिच्या वडिलांना कंपवात होता. थरथरण्याआधी त्यांचेही हात असेच मंदावले होते. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागू लागला, तेव्हा घरातले सारे हसले होते, हीसुद्धा. आणि आता रोज संध्याकाळी, तिचा संघ मोबाइलवर खेळायला जमला की, हिनं बटण दाबावं आणि पडद्यावरच्या वीरानं क्षणभर थांबून मग उडी मारावी. तोवर शत्रूचा घाव बसलेला असे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तिनं फोन केला, तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, "लाइन ठणठणीत आहे मॅडम. दोष तुमच्याकडेच असणार."

ते 'तुमच्याकडेच' तिच्या काळजात रुतून बसलं. चहाचा कप उचलतानाही ती बोटांकडे पाहू लागली. डॉक्टरांकडे जायचा धीर होईना, कारण ते काय सांगणार हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. निवड सामन्यातून माझं नाव काढा, असंही तिनं संघाला कळवलं होतं.

गुरुजींनी तिचे हात पाहिलेच नाहीत. "संध्याकाळ होऊ दे," एवढंच म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. तिला ते फार निष्ठुर वाटले.

दिवेलागणीला त्यांनी तबला पुढे ओढला. त्यांच्या घरीही त्याच कंपनीचं इंटरनेट होतं. "उजवा हात तबल्यावर ठेव, डाव्या अंगठ्याखाली तुझा खेळ. मी टाळी देतो. टाळीसरशी दोन्ही हात एकदम पडू देत."

"गुरुजी, माझी थट्टा करताय का?"

"वाजव."

टाळी पडली. तबला टाळीबरोबर बोलला, वीर मागाहून उडाला. पुन्हा तेच. तिनं डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. म्हणजे डावा हात!

"आता हात बदल."

डावा हात तबल्यावर आला आणि नेमका टाळीवर पडला. उजव्या अंगठ्याखालचा वीर मात्र तसाच रेंगाळला. शेवटी गुरुजींनी स्वतःचा अंगठा टेकवला, तर वीरानं त्यांनाही दाद दिली नाही. आतल्या खोलीत नातीचा सिनेमा त्याच लाइनवर सुरळीत चालला होता.

"लाव फोन. आणि या वेळी नेमकं विचार."

तिनं विचारलं, "संध्याकाळी तुम्ही खेळांचा वेग मुद्दाम कमी करता का? हो की नाही, तेवढंच सांगा."

पलीकडून हलक्या आवाजात उत्तर आलं, "करतो मॅडम. सगळ्यांचाच करतो."

गुरुजी म्हणाले, "पोरी, तुझा हात लयीत आहे. हात आणि उडी यांच्या मध्ये कुणीतरी बसलं होतं. त्यानं वाट अडवली याचं मला नवल नाही. पण अडवतो आहोत हे त्यानं लपवलं, आणि तू स्वतःच्याच हातांना आजारी ठरवून मोकळी झालीस. सांगून अडवलं तर माणूस भांडतो. न सांगता अडवलं, की तो स्वतःलाच भिऊ लागतो."

तिनं ओढणी सोडली. जीव भांड्यात पडला खरा. पण 'सगळ्यांचाच' हा शब्द आठवला आणि आणखी किती जण आपल्याच हातांना भीत असतील, असं तिच्या मनात आलं. तिनं संघाला लिहिलं, 'माझं नाव राहू द्या. आणि आपले हात मंदावलेत असं कुणाला वाटत असेल, तर आधी माझ्याशी बोला.'

लगेच संघाच्या कप्तानाचं उत्तर आलं.

'तुलाही?'