आनंदाने दिलेली घरटी

त्या राईत इतिहास सांगण्याचा अधिकार कोकिळांकडे होता, कारण आवाज त्यांच्याकडे होता. ज्याचं गाणं गोड त्याचं सांगणं खरं, असा तिथला रिवाज होता. तो कुणी घालून दिला हे विचारायची पद्धत नव्हती. राईतल्या शाळेत पिलं सकाळी वारा ओळखायला आणि पाणी शोधायला शिकत. दुपारी इतिहास असे. तो वाचायचा किंवा समजून घ्यायचा नसे, गायचा असे.

काजळी नावाच्या कावळीची तीन पिलं त्या वर्षी शाळेच्या मधल्या फांदीवर बसू लागली होती. भरवून घ्यायचं वय सरलेलं, पण थव्याबरोबर लांब जायचं वय अजून आलेलं नाही, अशांची ती फांदी. थोरला बुक्का, त्याच्या पाठची शाई आणि तिसरी तिळी. तिळी कोकिळेची होती. लहानपणी तिच्या काळ्या पंखावर पांढरा ठिपका एकच होता, म्हणून ते नाव पडलं. आता ठिपके अंगभर झाले होते आणि ते न पाहिल्यासारखं करणं शेजाऱ्यांनाही जड जात होतं.

एका संध्याकाळी तिघांनी आईला नवा पाठ म्हणून दाखवला. पाठाचं नाव ‘आतिथ्यपर्व’. फार पूर्वी कोकिळांनी राईला गाणं दिलं, त्यामुळे झाडांना मोहोर आला, आणि या उपकाराची जाण ठेवून कावळ्यांनी आपली घरटी कोकिळांच्या अंड्यांसाठी आनंदाने अर्पण केली, अशी ती कथा होती. चाल छान होती. तिळीचा आवाज तिघांत उठून दिसला.

काजळीने शेवटची ओळ पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा तोच शब्द आला. आनंदाने.

तिला ती सकाळ आठवली. चोचीत अळी घेऊन ती परतली तेव्हा झाडाच्या बुंध्याशी तिचं एक अंडं फुटून पडलं होतं आणि मुंग्या लागल्या होत्या. वर घरट्यात मोजणी बरोबर होती, अंडं बरोबर नव्हतं. ती त्या परक्या अंड्यावरही बसली. का बसली, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. त्या सकाळी तिच्या मनात पुष्कळ काही होतं. आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. इतिहास पंचमाचार्यांकडे होता. ते वयस्क कोकीळ होते आणि रागावलेल्या पालकांशी फार मऊ बोलत. त्यांनी काजळीचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, “बाई, तुमचं दुःख खरं आहे. पण दुःख म्हणजे इतिहास नव्हे. कोवळ्या मनांना फुटलेली अंडी दाखवून काय साधणार?” पुढच्या वसंतात पाठ सुधारायचा आहे, तेव्हा ‘बहुतांशी आनंदाने’ असा बदल सुचवून पाहू, असंही त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं.

काजळी घरी आली ती आतून पेटूनच. मारलं असतं तर सोसलं असतं, पण त्यांनी तिच्या त्या सकाळीलाच चाल लावली होती आणि ती तिच्या पोरांच्या तोंडून तिलाच ऐकवली होती. तिने तिघांना शाळेतून काढलं. नवरा राखू म्हणाला की लोक नावं ठेवतील, आणि इतकी वर्षं सगळे गातातच की. ती म्हणाली, गाऊ देत.

घरी शिकवायला राईत मनाई नव्हती. फक्त वसंताच्या सभेत पिलांना उभं राहून परीक्षा द्यावी लागे. जी उत्तीर्ण होत त्यांनाच झऱ्याकाठच्या फांद्यांवर बसायला मिळे. वारा आणि पाणी काजळीला शिकवता येणार होतं. इतिहास कुठून आणायचा, हा प्रश्न होता. त्यासाठी ती विकत मिळणारे पाठ पाहायला पिंपळाखालच्या बाजारात गेली.

पहिलं दुकान पोपटाचं होतं. त्याच्याकडच्या पानांच्या जुड्या हिरव्या-तांबड्या रंगवलेल्या होत्या. हा अभ्यासक्रम पूर्णपणे स्वतंत्र आहे, याचा शाळेशी काडीचा संबंध नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागे दिलेलं आहे, असं त्याने एका दमात सांगितलं. काजळीने एक जुडी उघडली. आत आतिथ्यपर्वच होतं, अक्षर न् अक्षर तेच. फक्त कडेला फुलं काढली होती. जुडी मिटून ती पुढे गेली.

पुढे भैरव नावाचा डोमकावळा बसला होता. त्याच्याभोवती कावळ्यांची गर्दी होती. त्याच्या पाठात फुटलेलं अंडं पहिल्याच पानावर होतं. मुंग्यासुद्धा होत्या. कुणीतरी अखेर लिहिलं होतं. तिने तो घेतला आणि घरी येऊन मुलांसमोर वाचायला बसली.

पाठ जोरकस होता, आणि अर्ध्यापर्यंत खराही होता. शेवटच्या धड्यात परकं पिलू कसं ओळखावं ते दिलं होतं. ठिपके. आवाज. मग त्याला घरट्याच्या कडेवर कसं आणावं आणि कुठे सोडावं. काजळी वाचता वाचता थांबली, पण उशीर झाला होता. बुक्का तिळीकडे पाहत होता. आजवर त्याने तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. तिळी उठली आणि घरट्याबाहेरच्या टोकाच्या फांदीवर जाऊन बसली. त्या दिवशी ती दाण्याला शिवली नाही.

काजळी जुडी घेऊन बाजारात परत गेली. भैरव हसला. ज्यांच्या घरात परकं वाढतंय त्यांना सत्य पचत नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. भोवतालचे कावळेही हसले. त्यात तिच्या दोन शेजारणी होत्या.

“सत्य मला हवंच आहे,” काजळी म्हणाली. “पण ते दोघांना जवळ बसवून आणि तिसरीला बाहेर बसवून सांगावं लागत असेल, तर ते माझ्या घरात शिकवता येणार नाही.”

बाजाराच्या टोकाला रेवा नावाची साळुंकी बसे. तिच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. तिच्या पाठांत गोष्टच नव्हती. एका पानावर घटनेचं नाव, खाली काही प्रश्न: हे कुणी पाहिलं, कुठल्या फांदीवरून पाहिलं, सांगणाऱ्याला सांगून काय मिळालं, गप्प राहणाऱ्याला गप्प राहून काय मिळालं. बाकी पानं कोरी होती. काजळीला वाटलं, ही आपल्याला फसवते आहे. कोरी पानं विकायची म्हणजे कमाल झाली.

ती निघाली तेव्हा रेवाने तिला थांबवलं नाही, उलट सावधच केलं. “हा अभ्यासक्रम पालकांना आवडत नाही,” ती म्हणाली. “पहिल्या धड्यात मुलं घरातच विचारतात. आणि उत्तर द्यावं लागतं.”

काजळीने वळून पानावरचे प्रश्न पुन्हा वाचले. मग तिने ती पानं उचलली.

पहिला धडा दुपारी सुरू झाला. शाईने विचारलं, अंडं कुणी फोडलं? काजळी म्हणाली, फोडताना मी पाहिलं नाही, फुटलेलं पाहिलं. शाईने तसंच लिहून घेतलं. बुक्काने विचारलं, तुला परकं अंडं ओळखू आलं होतं का? हो, ती म्हणाली, लगेच. भैरवचा पाठ ऐकल्यापासून तिळी टोकाच्या फांदीवरच बसत असे; तिने तिथूनच विचारलं.

“मग मला ढकललं का नाहीस?”

काजळीने खोटं सांगायचं ठरवलं असतं तर ते सोपं होतं, आणि गोडही झालं असतं. ती म्हणाली, “अंडं होतीस तोवर धीर झाला नाही. बाहेर आलीस तेव्हा ढकलायलाच आले होते. तू चोच उघडलीस.”

तिळीने ते लिहिलं नाही. पण संध्याकाळी ती आत येऊन शाईला चिकटून झोपली.

त्यानंतर तिघं राईभर विचारत फिरली. बुंध्यावर राहणाऱ्या खारीने फुटलेलं अंडं पाहिलं होतं. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. सुतारपक्ष्याने अंडं पडल्याचा आवाज ऐकला होता, पण तो कामात होता. तिळी एकटीच दाट जाळीत गेली, जिथे ठिपक्यांच्या कोकिळा लपून बसत. गाणारे कोकीळ उंचावर असत. या मात्र कुणाला दिसत नसत. एका म्हाताऱ्या कोकिळेने तिला फार वेळ निरखलं आणि सांगितलं की आपल्या आईनेही आपलं अंडं परक्या घरट्यातच टाकलं, का टाकलं ते विचारायचं होतं, पण आई कधी भेटलीच नाही. हे सांगून ती पानाआड सरकली. तिळीने ते लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बुक्काने एक दाणा तिच्यापुढे सरकवला. आजवर तो तिच्या चोचीतून दाणे ओढून घेत असे.

वसंताची सभा भरली. पंचमाचार्यांनी इतर प्रश्न बुक्का-शाईला विचारले आणि इतिहासाचा तिळीसाठी राखून ठेवला. ठिपक्यांची पोर कोकिळांचं उत्तर गोड गाईल, मग बाकीच्यांना काही म्हणायला जागा उरणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. कावळ्यांनी आपली घरटी कशी दिली, असं त्यांनी विचारलं.

तिळी गायली नाही, बोलली. “माझ्या आईने दिलं नाही, असं ती सांगते. खाली फुटलेलं अंडं खारीने पाहिलं आहे. आनंद ज्याने पाहिला, तो मला अजून भेटलेला नाही.”

पंचमाचार्यांनी मऊ आवाजात तिघांनाही अनुत्तीर्ण ठरवलं. याहून वाईट पुढे घडलं. सभेतले कावळे उठले आणि सगळ्यांनी मिळून आतिथ्यपर्व म्हटलं, नेहमीपेक्षा मोठ्याने, काजळीकडे पाठ करून. हसणाऱ्या त्या दोन शेजारणी पुढे होत्या. भैरवही त्यांच्यात होता. झऱ्याकाठची फांदी त्यालाही हवी होती. काजळीने एकेकाचा चेहरा नीट पाहून घेतला. यांतल्या किती जणींनी बुंध्याशी मुंग्या पाहिल्या असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिला रडू येण्याऐवजी संताप आला. गाणं संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग राखूला आणि तिघांना घेऊन झऱ्याच्या उलट्या दिशेला, बाभळीच्या रानात राहायला गेली.

पुढे घरट्यांचे दिवस आले. बुक्काने आपलं बांधलं, शाईने बांधलं. तिळी दोन दिवस दिसली नाही, तेव्हा राखू मनाशी धास्तावला. तिच्या जातीच्या कोकिळा या दिवसांत कुठे जातात ते सगळ्यांना माहीत होतं. काजळी उडता उडता शेजारच्या घरट्यांखालची जमीन पाहत होती.

तिसऱ्या सकाळी तिला तिळी दिसली. एका ठेंगण्या बाभळीच्या बेचक्यात ती उभी होती आणि तिच्या चोचीत वाळकी काडी होती. तिने ती ठेवली. काडी घसरून खाली पडली. दुसरी आणली, तीही पडली. काडी कुठून धरायची तेच तिला कळत नव्हतं, कारण तिच्या वंशात ते कधी कुणी केलंच नव्हतं. रानातले कावळे हसायला जमले. दूर राईतलं कोकिळांचं गाणं मध्येच तुटलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. काजळीचे पंख तिला शिकवायला आपोआप उघडले. तिने ते मिटून घेतले. तेवढ्यात शाई आली, एक तारेचा वाकडा तुकडा तिळीच्या पायाशी ठेवून परत गेली. तिळीने तो चोचीत धरला, बेचक्यात अडकवला, आणि अंगाचा सगळा भार टाकून वाकवू लागली.